खोकताना लघवी सुटते. गर्भाशय काढल्याने ती थांबेल का?

प्रश्न (चोपडा तालुका)

माझे वय ४४ असून तिन्ही बाळंतपणे साधी झाली. दोन वर्षांपासून खोकला किंवा शिंक आली, पाण्याचा हंडा उचलला की थोडी लघवी सुटते. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका मिळून उडदाचे पापड करतो. यंदा पीठ कुटायला घेतले आणि चार घावांतच साडी ओली झाली, तेव्हा पाठ दुखते असे सांगून मी घरी निघून आले. बाहेर जायचे असले की आता सकाळपासून पाणीच पीत नाही. एका दवाखान्यात "पिशवी काढून टाका, सगळे थांबेल" असे सांगितले आणि सासूबाईंचेही तेच म्हणणे आहे. पाळी नियमित आहे, दुसरा काही त्रास नाही. ऑपरेशन करावे का?

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ, जळगाव)

ताई, केवळ या तक्रारीसाठी गर्भाशय काढू नका. लघवी धरून ठेवण्याचे काम गर्भाशयाचे नाही. ते मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू आणि त्याला खालून आधार देणारे, ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले स्नायू करतात. बाळंतपणात हा आधार सैल पडतो, आणि वाढलेले वजन, जुना खोकला, बद्धकोष्ठता व वर्षानुवर्षे उचललेली ओझी यांनी तो आणखी ढिला होतो. मग पोटात एकदम दाब आला की मूत्रमार्ग पुरेसा मिटत नाही. गर्भाशय काढून तो आधार परत येत नाही. पिशवी काढूनही लघवी सुटतेच, असे सांगत येणाऱ्या बायका पाहिल्या की मला फार वाईट वाटते.

पाणी तोडू नका. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात पाणी कमी पडले की लघवी दाट होते, जळजळते, संसर्गाचा आणि मुतखड्याचा धोका वाढतो. लघवीची तपासणी करून घ्या, आणि तीन दिवस किती प्यायलात, किती वेळा लघवीला गेलात, काय करताना सुटली, हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. एकदम जोराची लागून न्हाणीपर्यंत पोहोचायच्या आत सुटत असेल, तर तो प्रकार वेगळा आणि त्याचे उपचारही वेगळे. लघवीतून रक्त जात असेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर मात्र दिवस घालवू नका.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, धुळे)

पहिला उपचार व्यायामाचाच. तो १९४८ मध्ये अमेरिकेतील डॉ. आर्नल्ड केगेल यांनी मांडला. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखावा, तसे स्नायू आत व वर ओढायचे, जमेल तितके, पुढे १० सेकंदांपर्यंत धरायचे आणि पूर्ण सोडायचे. एका वेळी किमान ८ वेळा, दिवसातून तीनदा, निदान ३ महिने. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. बऱ्याच जणी नकळत खाली जोर देतात आणि त्याने अपायच होतो, म्हणून एकदा तज्ज्ञाकडून खात्री करून घ्या. धार मध्येच तोडून सराव करू नका. शिंक येतेय असे वाटताच किंवा हंडा उचलण्याआधी स्नायू आवळण्याची सवय लावा. वजन जास्त असेल तर थोडे उतरल्यानेही फरक पडतो.

प्रश्नकर्ती

मनावरचे ओझे उतरले. व्यायाम आजच सुरू करते. पण तीन महिन्यांनीही थांबले नाही तर?

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ, जळगाव)

तरीही गर्भाशयाला हात लावावा लागत नाही. कष्टाच्या कामापुरता आधार हवा असेल, तर योनीत बसवायची पेसरी, म्हणजे आधार देणारी मऊ कडी, मिळते. शस्त्रक्रियेत मूत्रमार्गाखाली जाळीची अरुंद पट्टी बसवतात, किंवा पोटाच्या स्नायूंवरील आपल्याच आवरणाची पट्टी काढून वापरतात. जाळीने अनेकींना चांगला गुण येतो. मात्र काहींना कायमच्या वेदना झाल्या आणि ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये तिचा सर्रास वापर थांबवण्यात आला. म्हणून शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर कोणती पट्टी वापरणार, ती का, आणि त्रास झाल्यास ती काढता येईल का, हे सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा.