रोजचे ३६ किलोमीटर आणि तिसरा मजला: कोणती इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी?

प्रश्न
कामावर जाऊन येण्यासाठी मला रोज ३६ किलोमीटर प्रवास करावा लागतो आणि परतताना बहुधा पत्नी मागे बसलेली असते. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर असून खाली गाडी लावतो तेथे सॉकेट नाही, त्यामुळे बॅटरी काढून घरात चार्ज करता येईल अशी स्कूटर घ्यावी, असा विचार आहे. परंतु घरात लहान मूल आहे, आणि बॅटरीने पेट घेतल्याच्या बातम्या वाचल्यापासून मन धजत नाही. किती क्षमतेची बॅटरी पुरेल आणि ती घरात चार्ज करणे कितपत सुरक्षित आहे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर १
जाहिरातीतील रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये कापल्या जाणाऱ्या अंतराचा, आकडा बाजूला ठेवून बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत (वीजबिलातील युनिटमध्ये) पाहावी. ती दिलेली नसेल, तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकाराला १००० ने भागावे. किलोमीटरमागे साधारण ३० वॅट-तास खर्च धरला, तर तुमच्या ३६ किलोमीटरला सुमारे १.१ किलोवॅट-तास लागतील. मात्र मागे माणूस बसला, चढ लागला किंवा वेग वाढला की हा खर्च वाढतो, आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेगाचा फटका विशेष जाणवतो. शिवाय काही वर्षांनी क्षमता घटते आणि बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी करणेही योग्य नाही. हे सर्व लक्षात घेता २ किलोवॅट-तासांपेक्षा कमी क्षमता घेऊ नये, असे माझे मत आहे. एवढ्या बॅटरीचे वजन दहा किलोंच्या पुढे जाते, म्हणून खरेदीपूर्वी ती हातात घेऊन एखादा जिना प्रत्यक्ष चढून पाहावा. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी तेवढ्याच क्षमतेला अधिक जड असते, परंतु ती उष्णता जास्त सोसते आणि अधिक वर्षे टिकते. घरात न्यायची असेल तर मी तीच निवडेन.

उत्तर २
लहान मूल असलेल्या घरात, सगळे झोपले असताना बॅटरी चार्जिंगला लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तिने पेट घेतला तर काही सेकंदांत विषारी धुराने खोली भरू शकते, म्हणून दाराजवळ किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर ती कधीही ठेवू नये. गाडी चालवून आल्यावर बॅटरी निवू द्यावी, कंपनीचाच चार्जर वापरावा आणि तो एक्स्टेन्शन बोर्डला न लावता अर्थिंग असलेल्या भिंतीतील सॉकेटला लावावा. बॅटरी फुगलेली दिसली, फुसफुसू लागली किंवा उग्र वास आला, तर ती उचलायला न जाता सर्वांना घेऊन बाहेर पडावे, दार ओढून घ्यावे आणि अग्निशमन दलाला कळवावे. विझल्यासारखी वाटलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते.

उत्तर ३
चालवण्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ही गाडी उभी असताना आवाज करत नाही, त्यामुळे ती चालू आहे याचा विसर पडतो. ढकलताना हाताने ॲक्सिलरेटर पिळला गेला, किंवा पुढे उभ्या असलेल्या मुलाने सहज पिळला, तर गाडी एकदम झेप घेते, कारण मोटरचा पूर्ण जोर पहिल्या क्षणापासूनच मिळतो. उतरण्यापूर्वी गाडी बंद करण्याची सवय दोघांनीही लावून घ्यावी आणि पहिले काही आठवडे कमी जोराच्या इको मोडमध्येच चालवावी. बॅटरी पूर्ण भरलेली असताना रीजनरेटिव्ह ब्रेकिंग (मोटरने गाडीचा वेग कमी करत वीज बॅटरीत परत भरणे) कमी होते, तेव्हा घरातून निघताच उतार असेल तर केवळ त्यावर विसंबू नये.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. खाली स्वतंत्र सॉकेट बसवून घेता आले, तर काढता न येणारी बॅटरी चालेल का?

उत्तर २
अवश्य चालेल, आणि तुमच्या घरासाठी मी तोच मार्ग सुचवेन. मीटरपासून स्वतंत्र वायर, योग्य एमसीबी (प्रवाह जादा झाल्यास वीज तोडणारा स्विच), गळती-प्रवाह तोडणारा स्विच आणि पावसापासून आडोसा, हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. गाडी मात्र जिन्याच्या तोंडाशी लावू नका.