इंग्रजीचा गृहपाठ: मदत की मजुरी?

रविवारचा_काका: पुतणी नववीत, मराठी माध्यम. वर्डस्वर्थच्या डॅफोडिल्सच्या कवितेचं ॲप्रिसिएशन लिहून आणायचं होतं. वही पाहिली. राइम स्कीम ए-बी-ए-बी-सी-सी, बरोबर. पर्सॉनिफिकेशन, म्हणजे चेतनगुणोक्ती, तेही बरोबर. सहज विचारलं, डॅफोडिल म्हणजे काय गं? "पक्षी असेल काका, नाचतोय ना!" उत्तर आईने मोबाइलवरून सांगितलं होतं, हिने उतरवून घेतलं. माझं म्हणणं, घरच्यांनी एक ओळही सांगू नये. मराठीत प्रश्न विचारावेत, बस. फूल कळलं असतं तर चेतनगुणोक्ती आपोआप कळली असती.

साडेआठची_लोकल: काका, रविवारी येऊन वही तपासणं सोपं आहे. मी घरी पोचते तेव्हा कुकर लावायचा असतो. गृहपाठ नसला की पोराला वर्गात उभं करतात, फुलाचं नाव कोणी विचारत नाही. दहावीला 80 गुणांचा लेखी पेपर, त्यात ठरलेले साचे. साचा पाठ करून घेते, मला त्यात काही गैर वाटत नाही.

खडू_फळा: मी इंग्रजीच शिकवते. सांगून लिहवण्याला माझाही विरोध आहे, पण काकांचा 'मराठीतून' हा हट्ट त्याहून घातक. "विषयावर चर्चा केली" डोक्यात असतं, म्हणून पोरं 'डिस्कस्ड ऑन द टॉपिक' लिहितात. 'हिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरिड विथ'. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलतात तो वेगळाच: 'द वेदर इज फाइन', हवामान दंड आहे! इंग्रजी कानावर पडू द्या, अर्थ मागाहून येतो.

रविवारचा_काका: बाई, कानावर पाडणार कोण? राज्यात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. आजच्या नववीच्या पोरांचे बरेच आईबाप त्याआधी मराठी शाळेत गेलेले, पाचवीला एबीसीडी गिरवलेले. त्यांच्याकडे मराठीच आहे, आणि ती कमी नाही. पुतणीला 'अ' की 'ॲन' जमेना. म्हटलं, शब्द देवनागरीत लिही. अवर, युनिव्हर्सिटी, एफआयआर, वन-रुपी नोट. सुरुवातीला स्वर दिसला तर ॲन, व्यंजन दिसलं तर अ. अवरमधला एच गायब, युनिव्हर्सिटीचा यू म्हणजे 'य'. दहा मिनिटांत वीस शब्द, एकही चूक नाही.

खडू_फळा: ही युक्ती मान्य, सोमवारी वर्गात वापरेन. पण 'द' कसा शिकवाल? मराठीत तो नाहीच. तिथे वाचनच कामाला येतं. आणि देवनागरीची सवय लागली की स्पेलिंग बोंबलतं, हे मी तपासलेल्या वह्यांवरून सांगते.

रविवारचा_काका: स्पेलिंग वेगळं पाठ करावंच लागतं. आपण 'नाइफ'मधला के काय समजून घेतला होता का?

साडेआठची_लोकल: भाजी चिरताना विचारून पाहिलं. युरोपियन? "य... म्हणजे अ." एमए? "ॲन." बापाला बोलावून त्याचीच परीक्षा घेतली, तो ऑनेस्टला आपटला. छान वाटलं, खरंच. पण निबंध मीच सांगितला हं. साडेदहा वाजले होते आणि पोरगं बसल्याजागी पेंगत होतं.