मदत हवी आहे: सोलर कारपोर्टचा हिशोब कसा मांडावा?

मंडळी, छतावर दुपारनंतर सावली येते, म्हणून दोन गाड्यांच्या जागेवर सोलर कारपोर्ट (गाड्यांवर सोलर पॅनेलचंच छप्पर असलेली शेड) उभारायचा विचार आहे. साधारण ३० चौरस मीटर जागा, ४५० वॅटची १२ पॅनेल, म्हणजे ५.४ किलोवॅट. पॅनेल आणि इन्व्हर्टरचा खर्च समजतो. अडतंय ते लोखंडी सांगाड्यापाशी. खांब, पाया, वाऱ्याचा जोर, गंज... छतावरच्यापेक्षा हे कितीने वाढतं? साधी शेड तर तशीही बांधणारच होतो, मग तेवढी रक्कम वजा करून पैसे वसूल व्हायची वर्षं मोजायची ना? मला तरी तेच पटतं. दिवसा घरी कोणी नसतं, बरीचशी वीज ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्यात) जाईल. ती बचतीत वेगळ्या दराने धरता का? आणि दहा-पंधरा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल, तो खर्च? ज्यांनी स्वतः बांधलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.