‘उघड’, ‘स्पष्ट’ की ‘सहज सुचण्याजोगे’?

विचारणा (ऐरोली): जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंकडून प्रथिने तयार करून घेण्याच्या पद्धतीवरील एका पेटंट-वादाचे टिपण मी मराठीत आणत आहे. ‘ऑब्व्हियस’साठी मी ‘उघड’ हा शब्द योजला होता. तपासणाऱ्यांनी त्यावर खूण केली आहे. योग्य शब्द कोणता?

उत्तर (ठाणे): त्यांची शंका रास्त आहे. पद्धत आधीच प्रसिद्ध झालेली आहे, ही पेटंट देण्यावरची एक हरकत. आणि प्रसिद्ध झालेली नसली तरी त्या क्षेत्रातील जाणकाराला ती सहज सुचली असती, ही अगदी वेगळी हरकत. ‘उघड’ म्हटले की झाकण निघालेली, सर्वांना दिसणारी वस्तू डोळ्यांसमोर येते आणि दुसरी हरकत पहिलीत मिसळून जाते. ‘स्पष्ट’ हा तर अर्थाचा किंवा अक्षराचा गुण. ‘सहज सुचण्याजोगे’ म्हणताच ‘कोणाला?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि भारताच्या १९७०च्या पेटंट अधिनियमातील ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ची (शोधात असायला हव्या त्या कल्पकतेच्या पावलाची) व्याख्याही जाणकाराच्याच दृष्टीने केलेली आहे.

विचारणा: परंतु नुसते सुचणे पुरेसे आहे का? सुचलेले साधेलच असे नाही.

उत्तर: हाच खरा पेच आहे, आणि अमेरिकेतील १९८८चा ओ’फॅरेल निवाडा त्यावरच उभा आहे. १९७६च्या एका शोधनिबंधात बेडकाचे रायबोसोमल आरएनएचे जनुक जिवाणूत बसवले होते. त्या जनुकापासून प्रथिन बनत नाही. तरीही त्या जागी प्रथिनाचे जनुक बसवल्यास ते जिवाणूच्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज या स्वतःच्या प्रथिनाला जोडलेले प्रथिन मिळेल, असे तेथे सुचवले होते. पुढे नेमक्या त्याच पद्धतीसाठी अर्ज आला आणि तीन अर्जदारांपैकी दोघे त्या निबंधाचेच लेखक होते! न्यायालयाने पेटंट नाकारणे योग्य ठरवले. दिशा दिसत नसताना चाचपडत प्रत्येक पर्याय करून पाहणे वेगळे आणि यशाची वाजवी अपेक्षा धरून ठरलेल्या वाटेने जाणे वेगळे, हा भेद त्यात आहे. या अपेक्षेसाठी भाषांतरात ‘खात्री’ हा शब्द कटाक्षाने टाळावा, कारण पूर्ण निश्चितीची गरज नाही, असे न्यायालयानेच म्हटले आहे.

आणखी एक विनंती. टिपणात ‘निष्णात’ लिहिले असल्यास तेथे ‘जाणकार’ करावे. कायद्याला अपेक्षित माणूस त्या क्षेत्रातील सर्वसाधारण कौशल्याचा असतो, आणि निष्णाताला बहुतेक गोष्टी सहजच सुचतात.