छेत्रीचा कुठला सामना, कुठे आणि कोणाबरोबर पाहिलात?

दांडियाबाजार_वाडा

काल माळा आवरताना अण्णांचे फुटबॉलचे बूट सापडले. डाव्याचा तळ पुढून सुटलाय, आत रेल्वे टाइमटेबलची पानं कोंबलेली, आकार बिघडू नये म्हणून. अण्णा म्हणजे माझे वडील. नोकरी रेल्वेत आणि संध्याकाळी प्रतापनगरच्या मैदानावर लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेचा फॉरवर्ड. आपलं बडोदं क्रिकेटचं. हजारेंपासून पठाण-पांड्यांपर्यंत बोलायला दर ओट्यावर माणूस मिळतो. फुटबॉलवर बोलायला अण्णांना कोणी मिळालं नाही, म्हणून ते माझ्याशी बोलायचे. मला समजो न समजो.

तर ६ जून २०२४. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, भारत-कुवेत, आपला फुटबॉल कॅप्टन सुनील छेत्री, त्याचा निरोपाचा सामना. १२ जून २००५ ला क्वेट्टाला पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला होता. ते अण्णांनी मला पेपर पुढ्यात धरून वाचून दाखवलं होतं, कोपऱ्यातली बातमी. एकोणीस वर्षं झाली त्याला. सत्तराव्या मिनिटाला अण्णा उठून गॅलरीत गेले. आई म्हणाली, "अहो, संपत आलंय." म्हणाले, "म्हणूनच." ०-० सुटला. छेत्री रडत मैदानाला फेरी मारतोय, आणि हे रात्री नऊ वाजता कुंड्यांना पाणी घालतायत.

बूट हातात आले आणि हे सगळं आठवलं. तुमचंही लिहा. ९४ गोल वगैरे मोजदाद नको, ती कुठेही मिळते. कुठे होतात, शेजारी कोण होतं, ते सांगा.

फतेहगंज_कॅन्टीन

अण्णांना नमस्कार सांगा हं. आमच्याकडे छेत्री म्हणजे घरचंच प्रकरण. हे सैन्याच्या ई.एम.ई. मधून (यंत्रं-गाड्या सांभाळणारी कोअर) रिटायर झाले आणि छेत्रीचे वडीलसुद्धा त्याच कोअरचे. त्यामुळे टीव्हीवर दिसला की ह्यांचं ठरलेलं वाक्य, "आपला मुलगा आहे." ते कधी भेटले नाहीत, बोलले नाहीत, तरी आपला. माझा भाऊ येतो तेव्हा त्याला ई.एम.ई.चं मंदिर दाखवायला नेतात आणि त्या चंदेरी घुमटाखाली उभं राहून दक्षिणामूर्तीऐवजी छेत्रीचं सांगतात.

मला मात्र त्याच्या आईचं जास्त कौतुक. त्या आणि त्यांची जुळी बहीण, दोघी नेपाळच्या महिला संघातून खेळलेल्या. म्हणजे मुलाने नुसतं बापाचं घेतलं असं नाही. हे मी सांगितलं की आमच्याकडे विषय बदलतो.

अंधेरी_रिटर्न

२,५६९ प्रेक्षक. हा आकडा पाठ आहे, कारण त्यातला एक मी.

१ जून २०१८, अंधेरी, चायनीज तैपेई म्हणजे तैवानविरुद्ध. खरं सांगतो, फुटबॉलसाठी गेलो नव्हतो. रूमवर पंखा बंद होता आणि स्टेडियम जवळ. ५-० जिंकलो, त्यात छेत्रीचे तीन. बाजूच्या रांगेत मी, एक काका आणि वेफर्सचं पाकीट. दुसऱ्या दिवशी त्याचा तो व्हिडिओ आला, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. मला उगाच वाटलं, मी तर आलो होतो ना!

४ तारखेला केनियाशी, त्याचा शंभरावा सामना. तिकिटं संपलेली. साहेबांनी सुट्टी दिली नाही (कुठले साहेब ते विचारू नका, अजून तिथल्या पीएफचं भांडण चालू आहे). डोकं दुखतंय सांगून निघालो. एका पोराकडून जास्त पैसे देऊन तिकीट घेतलं. धो धो पाऊस, चेंडू डबक्यात अडकतोय आणि कोणी जागचं हलत नाही. ३-०, दोन छेत्रीचे. दुसऱ्या दिवशी खरंच ताप आला. साहेब म्हणाले, "कालचा चेहरा बघूनच मला कळलं होतं."

पोळ्या_झाल्या

कुकर लावून आले, दोन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते.

मला ऑफसाइड आजतागायत कळलेलं नाही. पण माझ्या मुलाने त्या छेत्रीचं ऐकून दूध, दही, तूप सगळं बंद केलं, त्याला काय म्हणतात ते. बडोद्यात! श्रीखंडाच्या गावात! वरणावर तूप नको, ताकाला हात लावत नाही. सासूबाई म्हणाल्या, ह्याला दृष्ट लागली. काढली पण. दीड महिना टिकलं. मग उत्तरायणला गच्चीवर उंधियूबरोबर जिलेबी तुपातली आहे का तेलातली हे न विचारता

शिटी झाली, येते

लेफ्टबॅक_७१

मुलगा चांगला आहे, वाद नाही. पण आम्ही आय. एम. विजयन पाहिलाय. त्रिशूरच्या स्टेडियममध्ये सोडा विकणारा पोरगा भारताचा कॅप्टन होतो, १९९९ ला भूतानविरुद्ध बाराव्या सेकंदाला गोल मारतो. बारा सेकंदांत आमच्या इथे चहात साखर ढवळून होत नाही. आणि बायचुंग भूतिया? १९९७ फेडरेशन कपची सेमीफायनल, मोहन बागानविरुद्ध तीन, लाखाच्या वर पब्लिक. छेत्रीच्या गोलांची यादी काढा. मालदीव, नेपाळ, बांगलादेश. असो.

अंधेरी_रिटर्न

काका, समोर जो येईल त्याच्याशीच खेळणार ने? ब्राझीलने डेट दिली नाही 😄

लेफ्टबॅक_७१

मी फक्त म्हणतोय. आणि कतारला जाऊन ०-० केलं ना २०१९ मध्ये, वर्ल्ड कप क्वालिफायर, त्यात तुमचा छेत्री नव्हताच. तापाने आडवा होता. गोलकीपर गुरप्रीतने वाचवलं.

अंधेरी_रिटर्न

हे मात्र खरं. बोललो नाही मी काही.

वारसिया_ते_दिल्ली

लेफ्टबॅक काका, एक तुमच्या यादीबाहेरचं. १३ ऑगस्ट २००८, एएफसी (आशियाई फुटबॉल संघटना) चॅलेंज कपची फायनल, ताजिकिस्तानविरुद्ध. स्पर्धा हैदराबादला चालू होती, पावसाने मैदानाचं तळं झालं म्हणून फायनल दिल्लीला आणली. मी तेव्हा तिथे परीक्षेची तयारी करत होतो (कुठली ते सांगत नाही, झालो नाही पास). आंबेडकर स्टेडियम कोटला ह्या क्रिकेटच्या मैदानाच्या अगदी बाजूला. रिक्षावाला म्हणाला, भैया आज तो कोटला बंद है. म्हटलं, शेजारी सोड. त्याला पटेना.

४-१. छेत्रीचे तीन, एक बायचुंगचा, म्हणजे तुमचा माणूसही होता काका. १९८४ नंतर आशिया कपला आपण त्या दिवसामुळे गेलो, २०११ ला दोह्याला. तिथे तिन्ही हरलो, ते सोडा. तरी बहारिन आणि दक्षिण कोरिया दोघांविरुद्ध छेत्रीने गोल केलेत. कोरिया म्हणजे नेपाळ नव्हे.

माझ्या शेजारी एक सरदारजी होते, तिसऱ्या गोलला त्यांनी मला उचललं. मी तेव्हा बावन्न किलो होतो. आता क्रेन लागेल.

फतेहगंज_कॅन्टीन

@वारसिया रिक्षावाल्याचं वाचून हे इतके हसले की ठसका लागला.

मांजलपूर_कोपरा

पुरात गेली हो माझी जर्सी. ऑगस्ट २०२४. विश्वामित्री घरात आली तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर, खाली कपाट तरंगतंय. निळी, ११ नंबरची, बारावीला मामाने दिलेली. पाणी ओसरल्यावर चिखलात शोधायला गेलो तर बाबा ओरडले, हात घालू नकोस, आधी काठीने बघ. शेजारच्या सोसायटीत मगर निघाली होती म्हणून. जर्सी नाही मिळाली. दुसऱ्याच कोणाचा तरी कुकर मिळाला, तो अजून आहे आमच्याकडे. कोणाचा असेल तर सांगा, पाच लिटरचा, दांडा नाही.

पोळ्या_झाल्या

माझा नाही. माझ्यावर शिट्ट्या चालू आहेत.

बडोदेकर_बंगळुरात

नोकरीमुळे २०१५ पासून इथे, त्यामुळे क्लबचा छेत्री मी तुमच्यापेक्षा जास्त पाहिलाय असं म्हणायला हरकत नाही. आधी मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो असा तो फिरतच होता. इंग्लंडला क्यूपीआर क्लबने घेतला तर वर्क परमिट नाही मिळालं, मग अमेरिकेत कॅन्सस सिटी, पुढे लिस्बनला स्पोर्टिंगची ब टीम. कुठेच बूड टेकलं नाही. बंगळुरू क्लब २०१३ ला निघाला, त्यात आला, पहिल्याच वर्षी आय-लीग ही देशातली लीग जिंकली आणि मग हेच घर. मधे मुंबईला उसना देऊन आणला तेवढंच.

२०१६ ची एएफसी कप सेमीफायनल इथल्या कंठीरवा स्टेडियमला पाहिली, मलेशियाच्या जोहोरविरुद्ध. ३-१, दोन त्याचे. एक बॉक्सबाहेरून असा काही हाणला की मी मराठीत ओरडलो, पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या. काय ओरडलो ते इथे लिहिता येणार नाही. फायनल इराकच्या एअर फोर्सशी ०-१ हरलो, पण तिथवर आधी एकही भारतीय क्लब गेला नव्हता.

आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगची आमची पहिली फायनल, घरच्या मैदानावर चेन्नईशी २-३ हरलो. दुसऱ्या वर्षी मुंबईत गोव्याला १-० हरवलं आणि गोल कोणाचा? राहुल भेके. आपला मुंबईचा पोरगा. एक्स्ट्रा टाइम संपत आलेला, हेडर. त्या रात्री मी आईला फोन करून सांगितलं, ती म्हणाली, "भेके म्हणजे कुठले रे? आपल्या शिंदेकाकूंच्या माहेरचे का?" पुढचा अर्धा तास शिंदेकाकूंचं माहेर.

आणि वय काढणाऱ्यांसाठी, डिसेंबर २०२४ ला केरळाविरुद्ध तीन गोल. चाळिशी उलटल्यावर. मी सदतिसाव्या वर्षी सोसायटीच्या मैदानात धावलो तर पोटरी धरली.

सासर_कोट्टायम

केरळाचं नाव निघालंच आहे तर. बायको मल्याळी, मी निझामपुऱ्याचा. ३ मार्च २०२३, आयएसएलचा प्लेऑफ, बंगळुरू-केरळा, आमच्या हॉलमध्ये दोन बाजू. एक्स्ट्रा टाइममध्ये फ्री किक मिळाली, केरळाचे खेळाडू अजून भिंत लावतायत, आणि छेत्रीने शिट्टीची वाट न बघता चेंडू आत टाकला. रेफरीने गोल दिला. केरळाची टीम मैदान सोडून गेली. इकडे बायको हॉल सोडून गेली. नियमात बसतं असं मी एकदाच म्हणालो. दुसऱ्या दिवशी डब्यात नुसता भात.

आजही माझं मत तेच आहे, पण नियम आणि डबा वेगळ्या गोष्टी आहेत.

लेफ्टबॅक_७१

मला विचाराल तर ते शोभलं नाही त्याला. विजयनने थांबून बघितलं असतं.

बडोदेकर_बंगळुरात

काका, विजयनने तर अजून लवकर मारला असता 😀 बारा सेकंदवाला माणूस तो!

लेफ्टबॅक_७१

हा. ते आहे.

दांडियाबाजार_वाडा

सगळं अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांना कानाचं मशीन लावून. सरदारजीचं दोनदा वाचायला लावलं. विजयनवर म्हणाले, "लेफ्टबॅकला सांग, बरोबर आहे त्याचं, पण विजयनसुद्धा मैदानावर घसरायचा." म्हणजे काय ते मला कळलं नाही, त्यांचं त्यांना माहीत.

एक राहिलंच. मार्च २०२५ ला तो निवृत्ती मोडून परत आला ना, शिलाँगला, मालदीवशी? ३-० जिंकलो, त्याने हेडरने एक मारला, ९५ वा. मी अण्णांना हाक मारली, या बघा, तुमचा माणूस आलाय. आले, चष्मा पुसला, रिप्ले पाहिला आणि म्हणाले, "मग त्या दिवशी कुंड्यांना पाणी फुकटच घातलं."

पोळ्या_झाल्या

अगं बाई. किती गोड आहेत अण्णा. मुलाला वाचून दाखवलं, तो म्हणतोय परत तूप सोडतो. कोणीतरी थांबवा.

मांजलपूर_कोपरा

दादा, ते बूट टाकू नका. रावपुऱ्यात टॉवरकडून येताना डाव्या हाताला एक मोचीकाका बसतात, तळ हाताने शिवतात, चिकटवत नाहीत. माझ्या भावाचे दोन जोड केलेत.

दांडियाबाजार_वाडा

टॉवर म्हणजे पोस्टाकडून आलं तर का जुबिली बागेकडून? नातवाला घालायचेत, दोन नंबर मोठे होतायत पण ऐकत नाहीये. टाइमटेबलची पानं आहेतच.

फतेहगंज_कॅन्टीन

जुबिली बागेकडून. पण बुधवारी नसतात ते, आणि दुपारी दोन ते चार जेवायला जातात.

मांजलपूर_कोपरा

हो, बुधवारी नाही. आणि कुकरचं कोणीच बोललं नाही.