बिल्ल्यावर खंजिराऐवजी खांब आहे, तर हा महार रेजिमेंटचाच का?

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीत पितळी बिल्ला सापडला. दोन मशीनगन एकमेकींवर तिरक्या, मध्ये उभा खांब, इंग्रजीत रेजिमेंटचं नाव. आत्या म्हणते, देवळातली दीपमाळ आहे. नेटवर पाहिलं तर हल्लीच्या बिल्ल्यावर खंजीर. नकली तर नसेल ना? ब्रासो मारून चकाचक करू का?

निवृत्त सुभेदार : जय भीम. आधी ती ब्रासोची डबी बाजूला ठेवा! आम्ही रोज घासायचो, मग वर्षा-दोन वर्षांत अक्षरं पुसट व्हायची. सुक्या मऊ फडक्याने पुसा, बस.

आत्याबाईंना सांगा, दीपमाळ नाही, कोरेगाव भीमाचा जयस्तंभ आहे तो. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले जे पडले, त्यांची नावं त्यावर कोरलीत. ‘नाक’ने संपणारी नावं वाचा, ती महार शिपायांची. पुढे इंग्रजांनीच ‘लढाऊ जाती’ ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. अर्ज-विनंत्या झाल्या. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 111 वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर मोडलीही. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात पुन्हा पलटण उभी राहिली, त्यानंतर टोपीवर हा खांब आला. तुम्ही आम्हाला शिपाई मानत नव्हता ना, मग घ्या, पुरावा कपाळावरच! मला तरी त्याचा अर्थ हाच वाटतो.

आता तुमचा बिल्ला. सुरुवातीला नुसता खांब होता. 1946 मध्ये आमची मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा बिल्ल्यावर व्हिकर्स मशीनगन आल्या. खांबाच्या जागी खंजीर त्यानंतरचा. म्हणजे खांब आणि गन एकत्र असलेला तुमचा बिल्ला मधल्या काळातला. फोटो न बघता अस्सल-नकली सांगणार नाही. मागची बाजूही दाखवा.

कामठीकर : आजोबांचं डिस्चार्ज बुक (फौज सोडताना मिळतं ते) शोधा, त्यावर आर्मी नंबर असतो. तो घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस सागरला आहे, मध्य प्रदेशात.

प्रश्नकर्ता : सुभेदारसाहेब, जय भीम. मागे दोन कड्या आहेत, एक वाकलीय. सरळ करू?

निवृत्त सुभेदार : अजिबात नको, तुटेल. तशीच असू द्या आणि फोटो टाका.