ढगात शिरल्यावर वर-खाली का कळेनासे होते?

प्रश्न

नमस्कार. नुकत्याच झालेल्या रात्रीच्या एका विमानप्रवासात मला दोन अनुभव आले. त्यांचा उलगडा अजून झालेला नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनांचा आवाज एकाएकी उतरला आणि विमान खाली जाऊ लागले आहे अशी माझी पक्की खात्री झाली. पोटात खड्डा पडला, खुर्चीचे हात मी घट्ट धरले. समोरच्या पडद्यावर मात्र उंचीचा आकडा वाढतच होता. पुढे ढग लागले तेव्हा मी डोळे मिटून बसले आणि बराच वेळ विमान अगदी सरळ चालले आहे असे वाटत राहिले. डोळे उघडले तेव्हा ढग संपले होते, आणि खिडकीत जिथे आकाश दिसायला हवे तिथे शहराचे दिवे पसरलेले होते. विमान चांगलेच कलून वळत होते. माझ्या पेल्यातल्या पाण्याची पातळी मात्र पेल्यात तसूभरही कललेली नव्हती.

घरात मी अंधारात जिना उतरू शकते, डोळे मिटून उभी राहू शकते. मग विमानात हीच जाणीव इतकी कशी फसते? आणि वैमानिकालाही ती अशीच फसवते का, की सरावाने त्याचे शरीर तयार होते?

प्रतिसाद १

मी कान-नाक-घसा विभागात काम करतो आणि भोवळीचे रुग्ण रोज तपासतो, त्यामुळे कानाच्या बाजूने सांगतो.

आंतरकर्णात तोलासाठी दोन वेगळ्या सोयी आहेत. पहिली म्हणजे तीन अर्धवर्तुळाकार नलिका. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा मिळतात, तशा त्या एकमेकींशी साधारण काटकोनात असतात. त्यांत द्रव असतो. डोके वळले की नलिका त्याच्याबरोबर वळते, पण द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो आणि वाटेतला जेलीसारखा पडदा वाकवतो. त्या पडद्यात रुतलेल्या केसपेशी ही खबर मेंदूला देतात. दुसरी सोय म्हणजे दोन लहान पिशव्या, ज्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक एका मऊ थरावर बसलेले असतात. हा थर ज्या बाजूला ओढला जातो ती बाजू ‘खाली’, असे मेंदू धरून चालतो.

आता तुमच्या प्रश्नाचे मर्म. नलिकांना फिरण्यातला बदल कळतो, फिरणे कळत नाही. एकाच गतीने वळत राहिलात तर १० ते २० सेकंदांत द्रव नलिकेची गती पकडतो, पडदा पुन्हा ताठ होतो आणि खबर येणे थांबते. वळणाची सुरुवातच फार सावकाश झाली असेल, ढोबळमानाने सेकंदाला २ अंशांपेक्षा कमी, तर पहिली खबरही जात नाही. जमिनीवर ही उणीव उघडी पडत नाही, कारण आपण मान वळवतो ती सेकंद-दोन सेकंदांपुरती आणि लगेच थांबतो. मिनिटभर एकाच दिशेने एकाच वेगाने वळत राहण्याची वेळ चालणाऱ्या प्राण्यावर सहसा येत नाही. शिवाय अंधारात जिना उतरताना तळपाय, घोटे आणि गुडघे पायरीची खबर देत असतात.

याची प्रचिती फिरत्या खुर्चीवर घेता येते. डोळे मिटून, हाताचा अंगठा वर करून बसावे आणि दुसऱ्याला खुर्ची एकसारख्या गतीने फिरवायला सांगावे. ज्या बाजूला फिरत आहोत असे वाटेल त्या बाजूला अंगठा झुकवायचा. सुरुवातीला अंगठा बरोबर झुकतो, मग हळूहळू सरळ होतो, कारण बसलेल्याला खुर्ची थांबल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती थांबवली की अंगठा उलट बाजूला झुकतो आणि तो माणूस ‘आता मला उलटे फिरवत आहेत’ असे ठामपणे सांगतो. आंतरकर्णाच्या अभ्यासासाठी १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या रॉबर्ट बारानी यांच्या नावाने ओळखली जाणारी खुर्ची वैमानिकांना हेच दाखवण्यासाठी वापरतात. फिरत असताना मान मात्र खाली वाकवू नये. नव्या पातळीत आलेल्या नलिकांमध्ये द्रव एकदम हलतो आणि माणूस खुर्चीवरून कोसळू शकतो.

प्रतिसाद २

मी भौतिकशास्त्र शिकवते. पेल्यातल्या पाण्याबद्दल आणि पोटातल्या खड्ड्याबद्दल थोडी भर घालते.

नीट घेतलेल्या वळणात गुरुत्वाकर्षण आणि वळणामुळे जाणवणारा बाहेरचा रेटा यांची बेरीज विमानाच्या फरशीला अगदी लंब पडते. तुमच्या पेल्यातल्या पाण्याला ‘खाली’ म्हणून तीच दिशा मिळते, आणि कानातल्या स्फटिकांनाही तीच. विमान ३० अंश कललेले असताना वजन जेमतेम १५ टक्के वाढते. अंग थोडे जड वाटते, पण ते कललेले आहे असे मुळीच वाटत नाही. ६० अंशांत वजन दुप्पट होते, आणि तरीही पाणी पेल्याच्या काठाशी समांतरच राहते.

गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांतला फरक बंद खोलीत बसून ओळखता येत नाही, हा विचार आइन्स्टाइन यांनी १९०७ मध्ये मांडला. आपल्या कानाला तोच नियम लागू आहे. धावपट्टीवर विमान गुरुत्वाच्या ०.२ ते ०.३ पट त्वरणाने पुढे झेपावते तेव्हा ही बेरीज ११ ते १७ अंशांनी मागे झुकते, आणि एकही चाक उचललेले नसताना नाक वर गेल्यासारखे वाटू शकते. तुमच्या बाबतीत याच्या उलट घडले. ठरावीक उंचीवर इंजिनांचा जोर कमी केला, विमानाची चढण थोडी सौम्य झाली, त्वरण घटले, मागे झुकलेली ‘खाली’ची दिशा पुढे आली आणि अंग क्षणभर हलके झाले. मेंदूने त्याचा अर्थ ‘नाक खाली गेले’ असा लावला आणि आवाज उतरल्यामुळे त्या अर्थाला बळ मिळाले.

हा भास वैमानिकाला झाला तर त्याचे मोल फार मोठे असते. २३ ऑगस्ट २००० रोजी बहारीनमध्ये गल्फ एअरचे एअरबस ए३२० रात्री उतरण्याचा प्रयत्न सोडून पूर्ण जोराने पुन्हा वर निघाले. समोर काळोखा समुद्र होता आणि नजरेला आधार असे काहीच नव्हते. वैमानिकाने विमानाचे नाक खाली दाबले आणि १४३ माणसे गेली. वाढत्या वेगामुळे नाक फार वर गेल्याचा हाच भास त्याला झाला असावा, असे तपासात मांडले गेले.

प्रतिसाद ३

मी वैमानिक होतो आणि पुढे बरीच वर्षे प्रशिक्षक होतो. सरावाने शरीर तयार होते का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

शिकत असताना माझ्या डोळ्यांवर झापड लावले होते, म्हणजे बाहेरचे काही दिसू नये आणि फक्त समोरची यंत्रे दिसावीत. प्रशिक्षकांनी मला मान खाली घालून डोळे मिटायला सांगितले आणि विमान स्वतःकडे घेतले. बराच वेळ काहीच झाले नाही. मग ते म्हणाले, “घ्या.” मी डोळे उघडले. कृत्रिम क्षितिजाची रेषा तिरपी होऊन विमान डावीकडे जवळजवळ ४५ अंश कलल्याचे सांगत होती, वेगाचा काटा वर चढत होता आणि उंचीचा काटा उलटा धावत होता. अंगात मात्र शांत, सरळ उड्डाणाचीच जाणीव होती. मी पंख सरळ केले आणि त्याच क्षणी आपण उजवीकडे कलंडत आहोत असे वाटू लागले. यंत्रे विमान सरळ असल्याचे सांगत असताना पुढची दोन-तीन मिनिटे माझी मान आणि खांदा डावीकडे झुकलेले होते, आणि ते मला प्रशिक्षकांनी सांगितल्यावर समजले. याला आमच्यात ‘लीन्स’ म्हणतात. हजारो तासांच्या उड्डाणानंतरही मला तो भास होत असे. हात त्याचे ऐकेनासे होतात, एवढीच सरावाची कमाई.

ज्याला हे शिकवलेले नसते तो त्या उलट्या भासाला बळी पडून विमान पुन्हा पहिल्या वळणात घालतो. कललेल्या विमानाची उंची घटू लागते; आपण सरळच आहोत अशी खात्री असल्यामुळे तो दांडा मागे ओढतो, त्याने वळण आणखी आवळते आणि विमान गोल फिरत खाली जाते. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचे दृश्य झाकून उडवायला लावले. २० पैकी २० जणांचा ताबा सुटला, त्यांतले १९ असेच गिरक्या घेत खाली गेले, आणि ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. हा आकडा मी प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला पहिल्याच आठवड्यात सांगत असे.

आणि याच्या कितीतरी आधी, २४ सप्टेंबर १९२९ रोजी, जिमी डूलिटल यांनी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून विमान उडवले, वळवले आणि त्याच धावपट्टीवर उतरवले. बाहेरचे काहीही न पाहता. जायरोवर चालणारे कृत्रिम क्षितिज त्यांच्यासमोर होते. माझ्या मते त्या दिवशी माणूस खऱ्या अर्थाने ढगात उडू लागला.

मूळ प्रश्नकर्ती

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. खुर्चीचा प्रयोग आज करून पाहिला. खुर्ची थांबवल्यावर मी उलट्या बाजूला अंगठा दाखवत होते, हे मला डोळे उघडेपर्यंत पटले नव्हते. एकच शंका राहते. अंगावर विश्वास ठेवायचा नाही हे समजले. पण यंत्रच चुकले तर?

प्रतिसाद ३ यांचे उत्तर

तसे घडलेले आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे बोइंग ७४७ मुंबईहून निघून समुद्रावर आले आणि कप्तानाचे कृत्रिम क्षितिज बिघडले. विमान सरळ असताना ते उजवीकडे कललेले दाखवू लागले, म्हणून कप्तानाने ते डावीकडे आणखी आणखी कलवले. बाहेर क्षितिज नव्हते आणि अंगाला कळत नव्हते. फ्लाइट इंजिनिअरने दुसऱ्या क्षितिजाकडे लक्ष वेधले तेव्हा वेळ उरला नव्हता. २१३ जण मृत्युमुखी पडले.

म्हणून नजर कुठल्याही एका यंत्रावर खिळू द्यायची नाही, हे आम्ही शिकवतो. क्षितिज म्हणते की विमान उजवीकडे कलले आहे. तसे असेल तर दिशादर्शकावरचे अंश वाढत जायला हवेत आणि वळणदर्शकही उजवीकडे झुकायला हवा. ते दोन्ही स्थिर असतील तर क्षितिज खोटे बोलत आहे. मग सहवैमानिकाचे क्षितिज आणि मधले राखीव क्षितिज पाहायचे, ज्या दोघांचे जुळते ते धरायचे, आणि बिघडलेल्यावर कागद चिकटवून ते झाकून टाकायचे, म्हणजे घाईच्या क्षणी नजर सवयीने पुन्हा तिकडे जाणार नाही.